दुसऱ्या टिंबापाशी अर्धा गुंठा जातो

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की तालुक्याच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा उरत नाही. बाहेर मोटारसायकली, आत पिशव्या, पिशव्यांत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि पासबुक. अशाच एका दिवशी रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. संगणकावर बसलेल्या पोराने विचारले,

"क्षेत्र किती, आजोबा?"

"लिवलंय की त्याच्यावर. एक हेक्टर, वीस आर, पन्नास."

पोराने सातबाऱ्यावर होते तसेच टाकले : १.२०.५०. पडद्यावर लगेच लाल ओळ उमटली, "कृपया योग्य संख्या टाका." त्याने पुन्हा टाकले, पुन्हा लाल. मग शेवटचे टिंब आणि पन्नास पुसून टाकले. १.२० राहिले. लाल ओळ गेली.

"झालं बघा आजोबा."

"आन् मागचं पन्नास कुटं गेलं?"

"ते घेत नाही कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर घेत न्हाई का तू घेत न्हाईस?"

रांगेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पन्नास म्हणजे पन्नास चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. माळावर त्याची कोणी दखल घेणार नाही. गावठाणाला लागून असेल तर त्याच अर्ध्या गुंठ्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही. या अर्जाने मूळ सातबारा बदलत नाही हे खरे. पण अर्जावरचे क्षेत्र एक आणि उताऱ्यावरचे दुसरे असे झाले की त्रुटी निघते, आणि हेलपाटे कोणाला पडतात ते सांगायला नको.

यंत्राने नेमके काय पाहिले आणि का नाकारले, हे समजून घेण्यासारखे आहे. आता अर्ज, पीक पाहणी, दूध, ऊस, बँक, घरपट्टी सगळेच पडद्यावर आले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानेच मोबाईलवर क्षेत्र भरायचे असे ठरले. म्हणजे पूर्वी जी आकडेमोड तलाठी भाऊसाहेबांच्या लेखणीखाली होत असे, तिची पहिली पायरी आता आपल्या बोटाखाली आली.

(एक खुलासा. आमच्या छपाईत आकडे मराठी आहेत. पडद्यावर भरलेले म्हणून इथे जे दिले आहेत ते, वेगळे सांगितले नसेल तर, इंग्रजी आकड्यांत समजावेत.)

गेटवरचा वॉचमन

आपण कळफलकावर काहीही दाबले की यंत्राच्या दृष्टीने ते आधी नुसते अक्षर असते. आकडासुद्धा अक्षरच. प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, एकचा ४९, असे करत नऊचा ५७. इंग्रजी मोठ्या 'ए'चा ६५, 'ओ'चा ७९. तेव्हा "१२०" असे टाकले म्हणजे यंत्राकडे एकशेवीस पोहोचले असे नव्हे. पोहोचली ती एकामागे एक तीन अक्षरांची माळ. तिची बेरीज-वजाबाकी करायची तर आधी ठरवावे लागते की ही माळ आकड्यांची आहे की आणखी कशाची.

हे काम प्रोग्रॅमचा एक लहानसा तुकडा करतो. साखर कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन जसा एकेक गाडी थांबवून चिठ्ठी बघतो, तसा हा तुकडा डावीकडून एकेक अक्षर थांबवतो. तुझा क्रमांक ४८ ते ५७ मध्ये आहे का? असेल तर जा पुढे. टिंब आले तर एकदाच चालेल. उणे चिन्ह आले तर फक्त सुरुवातीला. बाकी काही दिसले की गाडी परत. १.२०.५० मध्ये दुसरे टिंब आले आणि गाडी परत फिरली. त्याला हेक्टर-आर कळत नाही, सातबारा त्याने जन्मात पाहिलेला नाही. एका संख्येत दोन दशांशचिन्हे असू शकत नाहीत एवढेच त्याला शिकवले आहे, आणि गणिताच्या हिशोबाने ते बरोबरच आहे.

चूक आहे ती हा रकाना बनवणाऱ्याची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन तुकड्यांत दोन टिंबांनी लिहितात, हे ज्याला ठाऊक आहे तो एकतर तीन वेगळे चौकोन देईल, नाहीतर चुकीच्या सूचनेत सरळ लिहील की दोन टिंबे चालणार नाहीत, असे-असे लिहा. "योग्य संख्या टाका" या सूचनेने कोणाचे भले होते? आजोबांच्या दृष्टीने त्यांची संख्या योग्यच होती, सरकारनेच छापून दिलेली.

आता उपाय ऐका, फार सोपा आहे. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. सगळे शंभराच्या पटीत असल्यामुळे दुसरे टिंब तेवढे काढायचे, पुढचे आकडे ठेवायचे. १.२०.५० चे होते १.२०५० हेक्टर. काही गेले नाही, काही आले नाही. फक्त प्रत्येक तुकडा दोन आकडीच हवा. एक हेक्टर, दोन आर, पाच चौरस मीटर असेल तर १.०२०५ लिहायचे, १.२५ लिहिले तर ते एक हेक्टर पंचवीस आर झाले. पोराने टिंबाबरोबर पन्नासही पुसले, तिथे अर्धा गुंठा गेला. काही रकाने टिंबापुढे दोनच आकडे घेतात. तिथे अर्जदार काहीच करू शकत नाही. ती तक्रार वर गेली पाहिजे.

नाकारणारा बरा, गुपचूप घेणारा वाईट

लाल ओळ आली की आपल्याला राग येतो. पण मला विचाराल तर लाल ओळ ही चांगली गोष्ट. भीती वाटावी ती दुसऱ्या जातीच्या वॉचमनची.

संगणकाच्या भाषा अनेक आहेत आणि आकडा ओळखायची प्रत्येकीची रीत निराळी. वेबवरचे बहुतेक अर्ज ज्या भाषेवर चालतात ती जावास्क्रिप्ट १९९५ साली आली. तिच्यात आकडा वाचायच्या दोन रीती आहेत. एक कडक : पूर्ण माळ आकड्यांची असेल तरच घेते, नाहीतर "ही संख्या नव्हे" असे सांगते. दुसरी मवाळ : डावीकडून जिथवर आकडा दिसतो तिथवर घेते, आणि पुढचे तोंड न उघडता टाकून देते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यातली मवाळ रीत वापरली असेल, तर १.२०.५० टाकल्यावर लाल ओळ येणारच नाही. अर्ज पुढे जाईल आणि आत नोंद होईल १.२. म्हणजे पोराने जे हाताने पुसले, ते यंत्र स्वतःच पुसेल आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

रुपयाच्या बाबतीत हीच मवाळ रीत काय करते बघा. आपण सव्वा लाख लिहितो १,२५,०००. यंत्र डावीकडून वाचायला लागते. एक दिसला, घेतला. पुढे स्वल्पविराम आला. हा काही आकडा नव्हे, म्हणून तिथेच थांबले. नोंद झाली एक रुपया! नुकसान सव्वा लाखाचे आणि कागदावर रुपयाचे. म्हणून रक्कम भरताना स्वल्पविराम देऊ नये, १२५००० असे सलग लिहावे, पडद्यावर हवे तर यंत्र आपले आपण स्वल्पविराम टाकते. सी नावाच्या जुन्या भाषेतही असाच एक मवाळ वाचक आहे. त्याला आकड्याऐवजी नुसती अक्षरे दिली तर तो तक्रार न करता शून्य हातावर ठेवतो.

आणि रिकाम्या रकान्याचे काय? इथे तर कडक म्हणवणारी रीतसुद्धा घसरते. जावास्क्रिप्टमध्ये काहीच लिहिले नसले तर त्याचे ती शून्य करते. आता समजा, गावातल्या पर्जन्यमापकाची नोंद करायची आहे आणि एक दिवस नोंदवणारा माणूस लग्नाला गेला. वहीत त्या दिवसाचा रकाना कोरा राहील. वही वाचणाऱ्याला कळते की नोंद घेतली नाही. यंत्राने मात्र त्या दिवशी शून्य मिलिमीटर लिहिले. पाऊस मोजला नाही आणि पाऊस पडला नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंचनाम्यातल्या बाधित क्षेत्राच्या रकान्याचेही तेच.

कोरा रकाना राहू नये म्हणून आपले कर्मचारी त्यात आडवी रेघ मारतात. सवय जुनी आणि चांगली, मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. पण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठ्यात "हे संख्यात्मक आहे का?" असे विचारणारी जी तयार सोय आहे, ती नुसत्या रेघेलाही "हो" म्हणते, कारण तिच्या लेखी ते उणे चिन्ह. पुढे तीच रेघ दशांश आकड्यात बदलायला गेले की काम अडते. २०१२ च्या आवृत्तीत यावर बरी तोड आली : आधी विचारत बसू नका, थेट बदलून बघा, बदलले नाही तर कोरे ठेवा. आपल्याकडे मुलगी दाखवण्याआधी दहा जणांना चौकशा करण्यापेक्षा थेट घरी जाऊन यावे म्हणतात, तसा हा प्रकार.

दोन एकर वीस गुंठे

इथवर यंत्राला न कळलेल्या आकड्यांचे झाले. पण खरी गोम वेगळीच आहे. यंत्राने आकडा म्हणून आनंदाने घेतला, तपासणीत पास केला, आणि तरी हिशोब चुकला असेही होते. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

दोन एकर वीस गुंठे हे आपण कसे लिहितो? २.२०. पिढ्यान् पिढ्या असेच. वाचणाऱ्यालाही कळते. पण एकरात गुंठे चाळीस. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. यंत्राला हवे २.५०. आपण २.२० लिहिले की वॉचमन बघतो : आकडे आहेत, टिंब एकच आहे, जाऊ द्या. आत मात्र ते दोन एकर आणि एकराचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन एकर आठ गुंठे झाले. बारा गुंठे गायब, आणि लाल ओळ नाही, सूचना नाही.

उलटही होते. दोन एकर पाच गुंठ्यांना कोणी २.५ लिहिले, तर यंत्राने अडीच एकर धरले. पंधरा गुंठे फुकटात वाढले! ते वाढले म्हणून खूश व्हायचे कारण नाही. तपासणीत वाढीव क्षेत्र दाखवल्याचा ठपका अर्जदारावरच येतो. बेरजेत तर आणखी मजा. दीड एकर दहा गुंठ्यांचा, म्हणजे एक एकर तीस गुंठ्यांचा, एक तुकडा आणि तेवढाच दुसरा. आपल्या लिहिण्याप्रमाणे १.३० आणि १.३०. यंत्र म्हणणार २.६०. शाळेतले पोरही सांगेल की साठ गुंठे म्हणजे दीड एकर, एकूण तीन एकर वीस गुंठे. यंत्राला कोणी सांगितलेच नाही की हे टिंब दशांशाचे नाही, एकर आणि गुंठे वेगळे करणारे नुसते कुंपण आहे.

म्हणून एकरात क्षेत्र मागितले असेल तर गुंठ्यांना चाळीसने भागून लिहावे. पाच गुंठे .१२५, दहा गुंठे .२५, वीस .५०, तीस .७५. एवढे चार जरी पाठ झाले तरी पुष्कळ काम भागते. बाजार समितीत क्विंटल-किलोचेही तसेच : बारा क्विंटल पाच किलो म्हणजे १२.०५. ते १२.५ लिहिले की बारा क्विंटल पन्नास किलो झाले.

नुसता आकडा आहे की नाही एवढे बघून भागत नाही, तो शक्य आहे की नाही हेही बघावे लागते. दूध संकलन केंद्रावर हे फार चांगले कळते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो. हाताने भरताना टिंब राहिले तर ३५ फॅट होईल. आकडा म्हणून त्यात काही खोट नाही. पण पस्तीस फॅटची गाय अजून जन्मायची आहे. प्रोग्रॅममध्ये खालची-वरची मर्यादा घातलेली असेल तर तो तिथेच थांबवतो. क्षेत्राच्या रकान्यालाही अशी मर्यादा घालता येते : गटाचे एकूण क्षेत्र एवढे, त्याहून जास्त पीक दाखवता येणार नाही. मात्र कमी लागले तर ती मर्यादा काही बोलत नाही. आपले बारा गुंठे त्या वाटेने जातात.

नंबर म्हणजे संख्या नव्हे

गावचे काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), सोसायटीचे सचिव यांच्यासाठी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण ज्यांना नंबर म्हणतो त्यातले निम्मे संख्या नसतातच. ओळखायची खूण सोपी : त्याची बेरीज कोणी करेल का? मोबाईल नंबरांची बेरीज करून कोणाला काय मिळणार? खाते क्रमांकाचा सरासरी कोण काढतो? गट नंबर, घर नंबर, आधार, खाते हे सगळे आकड्यांच्या वेशातले शब्द आहेत. ते शब्दासारखेच, जसेच्या तसे सांभाळावे लागतात.

लाभार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये करायची पद्धत सगळीकडे आहे. एक्सेलचा स्वभाव असा की जे दिसेल त्याचा आकडा किंवा तारीख करता येते का हे ते आधी बघते. खाते क्रमांक शून्यांनी सुरू होत असेल तर संख्येपुढच्या शून्याला किंमत नाही म्हणून ते शून्ये खाऊन टाकते. खाते सोळा आकडी असेल तर आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नेमके सांभाळते. सोळावा असेल तर त्याच्या जागी शून्य येते. यादी छापली, सही-शिक्का झाला, बँकेत गेली आणि अनुदान परत आले. ज्याचे पैसे परत आले तो बिचारा पासबुक घेऊन दारोदार फिरतो, पासबुकावर नंबर बरोबर, यादीत एकच आकडा वेगळा.

गट नंबर ५/२ टाकून बघा. एक्सेल त्याचे करते ५ फेब्रुवारी. संगणकाची मांडणी अमेरिकन तारखेची असेल तर २ मे. आणि आपला सातबारा? कोऱ्या चौकोनात ७/१२ लिहून एंटर दाबा. सात डिसेंबर येते! घर नंबर "बारा ई पाच" असा इंग्रजीत सलग लिहिला तर त्याचे होतात बारा लाख, कारण शास्त्रज्ञांच्या लिहिण्यात मधला 'ई' म्हणजे पुढे तेवढी शून्ये. ही फजिती आपलीच होते असे समजू नका. माणसाच्या जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'सेप्ट' आणि 'मार्च' या गटातल्या जनुकांची नावेच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होते आणि संशोधकांच्या याद्या नासत होत्या. पुढे मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणे बंद करायची सोय दिली. आपण तिची वाट बघायचे कारण नाही. यादी भरायच्या आधी तो रकाना निवडून त्याची जात 'टेक्स्ट' करावी, म्हणजे एक्सेल हात लावत नाही. आधी, हे महत्त्वाचे. भरून झाल्यावर केले तर गेलेली शून्ये परत येत नाहीत. एखाददुसराच नंबर असेल तर त्याच्या अगोदर एक उभा स्वल्पविराम, म्हणजे वरचा अपॉस्ट्रॉफी, द्यावा.

बँकेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार इंग्रजी अक्षरे, पाचवे नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. त्या पाचव्या जागी 'ओ' टाकणारे किती तरी. डोळ्याला दोन्ही गोलच. यंत्राला एक ४८ क्रमांकाचा, दुसरा ७९ चा. आधार नंबर बारा आकडी, तो शून्य किंवा एकने सुरू होत नाही, आणि त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. व्हर्हूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ही रीत. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ती पकडते. त्यामुळे चुकीचा आधार बहुधा लगेच परत फिरतो. खाते क्रमांक मात्र बऱ्याच अर्जांत दोनदा टाकायला लावतात. ते उगीच नव्हे; दुसऱ्या वेळी पहिल्याची नक्कल चिकटवू नका, पासबुक बघून पुन्हा टाका.

आपले आकडे

मराठी आकड्यांचे काय, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. मराठी शून्याचा जागतिक क्रमांक २४०६, नऊचा २४१५. मोबाईलवर मराठी कळफलक ठेवून जे आकडे टाकतात त्यांना कधी अर्ज घेतो, कधी घेत नाही, आणि कारण कळत नाही. कारण हे की भाषाभाषांचे मत जुळत नाही. पायथन या भाषेला मराठीत १२३ दिले तर ती एकशेतेवीस समजते, बेरीजही करून देते. जावास्क्रिप्ट म्हणते ही संख्याच नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये तर गेटवर आत सोडतात आणि ऑफिसात नाकारतात : आकडा आहे का हे बघणारी नेहमीची खूण मराठी आकडा मान्य करते, पण त्याची संख्या करायला गेले की नकार. ज्या राज्याचा सातबारा मराठीत छापतात तिथे मराठी आकडा न घेणारा अर्ज असणे मला तरी बरे दिसत नाही. घ्यायला चार ओळींचा प्रोग्रॅम पुरे आहे. तोवर आकडे इंग्रजीत टाकलेले बरे. आणि कागदावरून भरून घेताना मराठी एक व इंग्रजी नऊ यांची गल्लत होते, तिकडे डोळा ठेवावा.

जाता जाता एक. जुन्या खतावण्यांत पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहीत. पाचापुढे एक रेघ म्हणजे सव्वापाच, दोन म्हणजे साडेपाच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ती रीत मागे पडली. पण २००९ मध्ये जागतिक लिपी-यादीत या खुणांना स्वतःचे क्रमांक मिळाले, किंमतीसकट : ही पाव, ही अर्धी, ही पाऊण. म्हणजे आजोबांच्या आजोबांचा पाव संगणकाला आकडा म्हणून ओळखू येतो, आणि आपण अर्जात 'दीड' लिहिले तर ते मात्र त्याला शब्दच वाटते.

तर त्या दिवशी सेवा केंद्रात. मी पुढे होऊन पोराला म्हटले, दुसरे टिंब तेवढे काढ, पन्नास राहू दे. त्याने टाकले १.२०५०. लाल ओळ आली नाही. त्याने माझ्याकडे बघितले, मग ड्रॉवरमधून स्टिकर काढून त्यावर पेनने "टिंब एकच" लिहिले आणि पडद्याच्या कडेला चिकटवले. आजोबांनी पावती हातात घेऊन, लांब धरून, एकेक आकडा बोटाने मोजला. सातबाऱ्याच्या घडीत ठेवली. उठता उठता पुन्हा बसले आणि पिशवीतून आठ-अ काढला. त्यावर चार गटांची बेरीज होती.

"आता ह्ये बघ," ते म्हणाले. "ह्यात टिंबं किती हायेत मोज."